नीरोचा नकाशा आणि डॉक्टरांचा चष्मा

‘रोम जळत होते तेव्हा नीरो फिडल वाजवत होता’ हे वाक्य मराठी अग्रलेखांत इतके रुळले आहे की महापूर येवो वा दुष्काळ पडो, सत्तेवर कोणीही असो, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात नीरो आपले वाद्य सरसावून बसलेला सापडतोच. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि तेवढ्या काळात हे वाक्य वर्गात किती वेळा खोडून काढले याची मोजदाद नाही. फिडल नावाचे वाद्य तेव्हा जन्मालाही आले नव्हते. नीरो वाजवत असे ते लायरच्या जातीचे, हातात धरून तारा छेडण्याचे वाद्य. आणि टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे इ. स. ६४ च्या जुलैत आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हताच, समुद्रकाठच्या अँटियमला होता. मुले माना डोलावत आणि उत्तरपत्रिकेत पुन्हा फिडलच लिहीत. टॅसिटसची हकिकत रुक्ष होती आणि फिडलवाला नीरो डोळ्यांसमोर उभा राहत होता. त्या वयात मीही तेच लिहिले असते.

या नीरोवर बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेने १९६५ साली ‘द रोमन्स’ नावाची चार भागांची कथा सादर केली होती. १६ जानेवारी ते ६ फेब्रुवारी या चार शनिवारी ती प्रक्षेपित झाली. लेखक डेनिस स्पूनर, दिग्दर्शक ख्रिस्तोफर बॅरी. लेकीने आणून दिलेल्या संचातून मी ती प्रथम पाहिली त्याला आता बरीच वर्षे झाली; त्यानंतर किमान पाच वेळा पाहिली असेल, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिल्यावर हे लिहायला बसले आहे. या कथेचे नाव निघाले की चाहते मंडळी ‘हो, ती विनोदी’ असे म्हणून पुढे सरकतात, याची मला जुनी खंत आहे. काळप्रवाशाचे इतिहासाशी नेमके नाते काय, हा त्या मालिकेचा गाभ्याचा प्रश्न. आणि माझ्या मते तो सर्वांत धीटपणे विचारला गेला तो याच हास्यकथेत. गंभीर चेहऱ्याने तो तसा विचारताच आला नसता.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिच्यामागे मुलांना शिकवण्याचा उघड हेतू होता. म्हणूनच डॉक्टर नावाच्या गूढ म्हाताऱ्याबरोबर टार्डिस या काळयंत्रातून फिरायला शाळेतलेच दोन शिक्षक दिले होते: विज्ञान शिकवणारा इयन चेस्टरटन आणि इतिहास शिकवणारी बार्बरा राइट. परग्रहावरची एखादी कथा झाली की पुढची बहुधा भूतकाळातली, आणि भूतकाळातल्या कथेत राक्षस नाहीत, यंत्रमानव नाहीत, फक्त माणसे. ही बार्बरा माझी विशेष लाडकी आहे. आमच्या शाळेत असती तर मुलांनी तिला ‘राइट बाई’ म्हटले असते आणि तिच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू आली असती. १९६४ सालच्या अॅझ्टेक लोकांवरील कथेत तिला देवी समजून पुजले जाते आणि मिळालेला अधिकार वापरून ती तिथला नरबळी थांबवू पाहते. डॉक्टर तिला कळवळून बजावतात की इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येत नाही. ती प्रयत्न करते आणि हरते. पाहताना घशात आवंढा येतो. त्या कथेने मालिकेला एक नियम घालून दिला की प्रवाशांनी भूतकाळ पाहायचा, त्यातून जिवानिशी सुटायचे आणि जे घडले ते घडू द्यायचे.

आठ महिन्यांनी स्पूनरने हा नियम घेतला आणि त्याच्या पायात केळीची साल टाकली.

कथेचा प्रारंभच खोडकर आहे. आधीची कथा संपते तेव्हा टार्डिस एका कड्यावरून कोसळताना दिसते. ‘द रोमन्स’ची सुरुवात होते तर इयन डोळे मिटून आडवा पडलेला. तो जखमी असेल असे वाटावे, तोच त्याचा हात शेजारच्या द्राक्षांकडे जातो. अपघात होऊन महिना लोटला आहे आणि मंडळी रोमजवळच्या एका रिकाम्या हवेलीत सुखेनैव राहत आहेत. घराचा मालक मोहिमेवर गॉलला गेला आहे. या उचलेगिरीबद्दल कोणाला फारशी खंत वाटत नाही. डॉक्टरांना मात्र आरामाचा कंटाळा येतो आणि प्रवासात नव्याने सामील झालेल्या विकी या मुलीला घेऊन ते रोमला निघतात. इकडे गुलामांचे व्यापारी हवेलीत घुसतात. झटापटीत बार्बरा एकाच्या डोक्यात घालायला मातीचे भांडे उचलते आणि ते बरोबर इयनच्या डोक्यात घालते. दोघेही पकडले जातात.

येथून पुढे कथा दोन वाटांनी चालते आणि या दोन वाटा एकमेकींना जवळजवळ शिवत जातात, पण भेटत नाहीत. डॉक्टरांना रस्त्यात खून झालेला एक वृद्ध वादक सापडतो. मॅक्सिमस पेट्युलियन त्याचे नाव. एका शिपायाच्या प्रश्नाला तोंड देताना ते त्याचेच नाव धारण करतात आणि थेट नीरोच्या दरबारी पाहुणे म्हणून पोचतात. इयन गलबतावर वल्ही मारायला विकला जातो, गलबत फुटते, तो वाचतो आणि ग्लॅडिएटर म्हणून रिंगणाच्या तळघरात येऊन पडतो. बार्बराचा बाजारात लिलाव होतो. त्याच बाजारातून डॉक्टर आणि विकी चाललेले असतात. विकीला लिलाव पाहायचा असतो आणि डॉक्टर तिला, हे बघण्यासारखे नव्हे, म्हणून पुढे नेतात. कौतुक आहे ते या जागेचे. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी त्याच्या पोटात गोळा येतो, कारण मान वळवणे हे सभ्यपणाचे लक्षण असले तरी त्याच सभ्यपणामुळे मैत्रीण विकली जाते.

यानंतर सगळे राजवाड्यात. बार्बराला नीरोच्या घरातील दासी म्हणून विकत घेतले गेले आहे, डॉक्टर तिथेच पाहुणे आहेत, विकी दालनादालनांतून भटकते आहे. एका दारातून बार्बरा बाहेर पडते आणि दुसऱ्यातून डॉक्टर आत येतात. नीरो बार्बराच्या मागे धावतो आहे, सम्राज्ञी पॉपिया नीरोच्या पाळतीवर आहे, आणि या धावपळीकडे डॉक्टरांची नेमकी पाठ आहे. ज्यांनी मराठी रंगभूमीवर फार्स पाहिला आहे त्यांना हे व्याकरण शिकवावे लागणार नाही. चार दारे, सहा पात्रे आणि अर्ध्या सेकंदाची चुकामूक, एवढ्यावर सगळा डोलारा उभा असतो. नाटकात निदान तालमींना महिने मिळतात. त्या काळी ही मालिका आठवड्याला एक भाग या गतीने, फारशी काटछाट न करता, एका संध्याकाळी चित्रित होत असे. ती कवायत जमली आहे. विल्यम हार्टनेल तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांची ओळख तोवर करड्या सार्जंटच्या भूमिकांसाठी होती, विनोदी चित्रपटांतही त्यांनी तशा भूमिका केल्या होत्या. येथे त्यांना प्रथमच मनमुराद बागडायला मिळाले आहे. मुका मारेकरी रात्री खोलीत शिरतो तेव्हा म्हातारेबुवा घाबरण्याऐवजी हरखतात आणि त्याच्याशी दोन हात करून वर आपल्या जुन्या कुस्तीच्या फुशारक्या मारतात.

आता तो मेजवानीचा प्रसंग, ज्यासाठी मी ही कथा पुन्हा पुन्हा पाहते. डॉक्टरांना लायर वाजवता येत नाही. आजवर त्यांनी युक्तीने वेळ मारून नेली आहे. सम्राटालाच आधी वाजवायला लावून त्याची स्तुती केली आहे. पण आता दरबार भरला आहे, पाहुणे बसले आहेत आणि सुटका नाही. ते उठतात आणि जाहीर करतात की आजची रचना इतकी नाजूक आहे की ज्यांचे कान खरोखर तयार आहेत त्यांनाच ती ऐकू येईल. मग डोळे अर्धवट मिटून ते बोटे हलवू लागतात. बोटे तारांना लागत नाहीत. पडद्यावर निव्वळ शांतता. कॅमेरा पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो; एकेकाच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग शेजाऱ्याकडे चोरटी नजर, मग समजूतदार तल्लीनता. वादन संपते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. नीरोचा जळफळाट होतो, कारण आपल्याला काहीच ऐकू आले नाही हे तो कबूल करू शकत नाही आणि या वादकाला आपल्यापेक्षा अधिक टाळ्या मिळाल्या हे त्याला सोसवत नाही. (आपल्याकडच्या बैठकीत समेची जागा चुकवूनही ‘क्या बात है’ म्हणणाऱ्या रसिकांनी येथे फार जोरात हसू नये, मी त्यातलीच आहे.)

युक्ती अर्थातच हान्स अँडरसनच्या सम्राटाच्या नव्या कपड्यांच्या गोष्टीची, आणि डॉक्टर विकीला ऐटीत सांगतात की ती कल्पना अँडरसनला आपणच दिली. ही गोष्ट १८३७ सालची. म्हणजे अठराशे वर्षांनंतरच्या लेखकाची कल्पना ते नीरोसमोर वापरतात, आणि ती मुळात आपलीच होती असेही म्हणतात. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगता येत नाही. प्रेक्षक विनोद म्हणून हे सोडून देतो, पण स्पूनरने येथे शेवटच्या भागाची पेरणी करून ठेवली आहे.

शेवटाकडे वळण्याआधी इतिहास शिक्षिकेचा हिशेब चुकता करते, नाहीतर मला झोप लागणार नाही. आगीच्या वेळी खरा नीरो सव्वीस वर्षांचा होता. येथे डेरेक फ्रान्सिस यांनी साकारलेला नीरो चाळिशी पार केलेला, गुबगुबीत गृहस्थ आहे. टिगेलिनस हा सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख, त्या राजवटीतला एक अत्यंत घातक माणूस. येथे तो पेले आणून देणारा बापुडा सेवक झाला आहे. आणि ताविअस हा राजवाड्यातला कारभारी शेवटी हातात छोटा क्रूस घेतलेला दिसतो आणि तो गुप्तपणे ख्रिस्ती असल्याचे आपल्याला कळते. त्या काळी क्रूस हे ख्रिस्ती मंडळींचे असे सर्रास चिन्ह झालेले नव्हते. परीक्षेत असे लिहिणाऱ्याचे गुण मी कापले असते.

तरीही मी म्हणते की वृत्तीच्या बाबतीत ही कथा साधनांशी आश्चर्यकारक इमान राखते. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने नीरोचे जे चरित्र लिहिले आहे ते वाचताना हसावे की अंग चोरावे हे कळत नाही. सम्राट गात असताना नाट्यगृह सोडण्याची कोणालाही परवानगी नसे, त्यामुळे काही स्त्रिया तिथेच बाळंत झाल्या आणि काही पुरुषांनी मेल्याचे सोंग करून प्रेतयात्रेसारखी स्वतःची सुटका करून घेतली, असे तो गंभीरपणे नोंदवतो. टाळ्या वाजवण्यासाठी हजारो तरुणांची शिकवून तयार केलेली फौज होती. आणि याच माणसाने आईला मारवले, भावाला विष घातले. लोकस्टा ही विषे तयार करणारी बाई इतिहासात खरोखर होती आणि मालिकेतही आहे. पॉपिया तिच्याकरवी बार्बराच्या पेल्यात विष घालवते, विकी गंमत म्हणून पेल्यांची अदलाबदल करते, डॉक्टर ऐनवेळी नीरोला सावध करतात आणि नीरो तो पेला बिचाऱ्या टिगेलिनसला प्यायला देतो. तो कोसळतो. दुसऱ्या एका प्रसंगी झटापट झाल्यावर नीरो शेजारच्या शिपायाला सहज भोसकतो, कारण काय, तर तो नीट लढला नाही. प्रेक्षकाचे हसू ओठांवरच राहते. ज्याच्या लहरीवर साऱ्यांचे प्राण टांगलेले आहेत त्याच्या दरबारात विनोद असाच असणार, हे या लेखकाला पुरते कळलेले होते. संगमरवरी खांबांमधून भारदस्त भाषणे करणारे रोमन आपण चित्रपटांत पुष्कळ पाहिले. त्यांच्यापेक्षा हा गुबगुबीत, हावरट, टाळ्यांसाठी आसुसलेला नीरो मला सुएटोनियसच्या अधिक जवळचा वाटतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मला या कथेची बाजू घेता येत नाही. नीरो बार्बराचा जो पाठलाग करतो तो पळापळीचा खेळ म्हणून दाखवला आहे. ती हुशारीने निसटते, तो धापा टाकतो, आपण हसायचे. परंतु ती त्याची विकत घेतलेली दासी आहे. तिने नकार दिला तर काय होईल हे ती जाणते, आणि इतिहासाची शिक्षिका असल्याने जरा जास्तच जाणते. जॅकलीन हिलच्या अभिनयात ते दिसतेही. पळता पळता एका क्षणी तिच्या चेहऱ्यावर जी भीती येते ती फार्समधली नाही. पहिल्या वेळी मी या प्रसंगांना हसले होते. आता हसत नाही, आणि १९६५ सालची अभिरुची वेगळी होती एवढ्यावर ते सोडूनही देत नाही, कारण त्याच कथेत इयनची गुलामगिरी, ती गलबतावरची वल्ही आणि ती तळघरातली कोठडी, जराही थट्टा न करता दाखवली आहे. पुरुषाची गुलामगिरी शोकांतिका आणि बाईची प्रहसन, ही वाटणी लेखकाने केली आहे आणि ती खटकते.

तर आता तो चष्मा. नीरोच्या मनात नवे रोम बांधायचे आहे आणि सेनेट त्याला मान्यता देत नाही. नव्या नगराचा नकाशा तो अभिमानाने मांडून बसला आहे. डॉक्टरांना तोवर कळले आहे की सम्राटाला आपला वादक नकोसा झाला असून रिंगणात वाजवायला बोलावून तो आपल्याला सिंहांपुढे घालणार आहे. त्यावर त्यांनी गर्जना आणि दात यांवर कोट्याही करून घेतल्या आहेत, ज्या इंग्रजीतच शोभतात. बोलता बोलता त्यांनी चष्मा हातात, पाठीमागे धरला आहे. खिडकीतून ऊन येते, भिंगातून नकाशावर पडते, कागद काळवंडतो, धूर निघतो. नीरो आधी संतापाने वेडापिसा होतो. आणि मग त्या जळत्या नगराकडे, म्हणजे नकाशातल्या नगराकडे, पाहता पाहता त्याचा चेहरा उजळतो. डोळ्यांसमोर प्रात्यक्षिकच झाले आहे.

टॅसिटसच्या नोंदीप्रमाणे रोमच्या चौदा विभागांपैकी तीन पूर्ण भस्मसात झाले, सातांत पडक्या अवशेषांपलीकडे काही उरले नाही आणि चारच धड राहिले. आग नीरोने लावली की ती आपोआप लागली, यावर तो निर्णय देत नाही. उलट नीरोने बेघरांसाठी आपल्या बागा खुल्या केल्या आणि धान्याचा भाव उतरवला हेही तो सांगतो. संशय वाढला तो जळालेल्या जमिनीवर नीरोने आपला सोन्याचा महाल बांधायला घेतल्यामुळे, आणि त्या संशयातून सुटण्यासाठी त्याने ख्रिस्ती लोकांवर आळ घेऊन त्यांचे हाल केले. म्हणजे आगीचा कर्ता कोण, ही जागा मूळ साधनांतच रिकामी आहे. स्पूनरने त्या रिकाम्या जागेत आपल्या नायकाला नेऊन बसवले. इतिहासाची एक ओळही बदललेली नाही, आग लागायची होती तशीच लागली. फक्त ती ओळ लिहिली गेली तेव्हा डॉक्टरांचा चष्मा तिथे होता.

अॅझ्टेक कथेतला नियम येथे शब्दशः शाबूत आहे आणि तरीही त्याचा अर्थ पार फिरला आहे. तिथे प्रवासी इतिहासाच्या बाहेर, काचेपलीकडे उभा होता. येथे तो पहिल्यापासून आतच होता. हेच गंभीर कथेत आले असते तर डॉक्टरांना पश्चात्तापाने पोळून निघावे लागले असते, दोन-तीन लांब संवाद आले असते आणि मालिकेच्या नायकावर हजारोंच्या मृत्यूचा डाग कायमचा बसला असता. कोणत्याही निर्मात्याने ते मान्य केले नसते. विनोदाच्या आडून ते सहज निभावले. टेकडीवर उभे राहून डॉक्टर आणि विकी जळणारे रोम पाहत आहेत. ही कल्पना नीरोला तुम्हीच दिलीत, असे विकी म्हणते. डॉक्टर फणकाऱ्याने नाकारतात. ती मुद्दा सोडत नाही. ते क्षणभर विचार करतात आणि खुदकन हसतात, मग ते हसू वाढतच जाते. खाली शहर जळते आहे. ते हसणे मला आजही नीट उलगडलेले नाही. त्यात अपराध लपवणे आहे, स्वतःच्या महत्त्वाची गुदगुली आहे आणि थोडे भयही असावे. २००८ साली पॉम्पेईवरच्या कथेत दहाव्या डॉक्टरांना (नायक तोच, नट मात्र बदलत गेले) रोमच्या आगीचा विषय काढून, त्यात माझा हात नव्हता, म्हणजे थोडासा होता, असे सांगावे लागले, यावरून ते हसू मालिकेलाही विसरता आलेले नाही हे उघड आहे.

पुढे या जातीच्या कथा फार टिकल्या नाहीत. ट्रॉय आणि वाइल्ड वेस्टवर डोनाल्ड कॉटनने दोन विनोदी कथा लिहिल्या. त्यांतील ट्रॉयच्या कथेचा एकही भाग आज पाहायला उपलब्ध नाही, पूर्ण उरला आहे तो नुसता आवाज. ‘द रोमन्स’चे चारही भाग मात्र शाबूत आहेत. १९६७ च्या सुरुवातीपासून राक्षसांशिवायचा भूतकाळ मालिकेने जवळजवळ सोडूनच दिला.

एवढे सगळे होऊन इयन आणि बार्बरा आपापल्या वाटेने सुटतात आणि डॉक्टरांच्या आधी हवेलीत परत पोचतात. फुटलेल्या भांड्याचे तुकडे अजून तिथेच असतात; आपल्या डोक्यात ते कोणी घातले याचा उलगडा इयनला आता होतो आणि पळापळ होते, या वेळी खेळीमेळीची. मग दोघे नीटनेटके होऊन बसतात. तेवढ्यात डॉक्टर विकीसह येतात, या दोघांकडे एक दृष्टिक्षेप टाकतात आणि आपण दोघे रोममध्ये एवढ्या गडबडीत असताना तुम्ही इथे इतके दिवस लोळत पडला होतात, असे समजून मोकळे होतात. बार्बरा आणि इयन काहीतरी बोलू पाहतात. ऐकून घ्यायला डॉक्टर थांबलेले नसतात, ते टार्डिसकडे निघालेले असतात.